'सूर्य आग ओकतोय' लिहिलं की एआय सूर्याला तोंड का काढतं?

नागपूरच्या उन्हाळ्याच्या पोस्टरसाठी 'सूर्य आग ओकतोय' लिहिलं, तर दात विचकणारा सूर्य आला. एआयला वाक्प्रचार कळतच नाहीत का, असं तुम्ही विचारलंय.

थोडेफार कळतात, पण साधन कुठलं त्यावर आहे. मजकुरावरून चित्र काढणाऱ्या स्टेबल डिफ्यूजनच्या 2022 मधल्या पहिल्या आवृत्त्या मजकूर वाचायला क्लिप नावाचं मॉडेल वापरतात. क्लिप शिकलं ते इंटरनेटवरच्या 40 कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर, त्याही बहुतेक इंग्रजी. कुठल्या शब्दासोबत काय दिसतं, एवढंच त्याला ठाऊक. आग म्हटली की ज्वाळा आल्याच. त्यात मर्यादा 77 टोकनची, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांची. देवनागरीचे इतके बारीक तुकडे पडतात की एखाद-दोन वाक्यांतच ती भरते. तिथे मराठीत लिहूच नका.

डाल-ई 3 सारख्या चित्र काढणाऱ्या साधनांत आधी भाषेचं मॉडेल तुमच्या वाक्याचं लांब वर्णन करतं, मग चित्र निघतं. तिथे 'मुसळधार पाऊस' नीट पडतो, कारण त्यातलं मुसळ आपणही कधीच विसरलोय. 'पोटात कावळे ओरडताहेत'चं मात्र खरं नाही. भूक कळली तरी वर्णनात कावळा राहिला, तर तो चित्रात येऊन बसणार. उपमांचंही तसंच: 'कापसासारखे ढग' झकास जमतात, साम्य दिसण्यातलं आहे ना! 'सशासारखा भित्रा मुलगा' म्हणाल तर पोराला लांब कान फुटायचे.

म्हणून वाक्प्रचार गाळा आणि कॅमेऱ्याला काय दिसेल ते लिहा: "मे महिना, दुपारचे दोन, सीताबर्डीचा रिकामा रस्ता, चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर निघालेली मुलगी, डांबरावर थरथरणारी हवा, उभ्या गाडीखाली जीभ काढून पडलेलं कुत्रं, पांढुरकं आकाश." सूर्याचं नावच नको. 'आग नको' असंही लिहू नका. 'नको' निसटतं, आग उरते. निगेटिव्ह प्रॉम्प्टचा, म्हणजे चित्रात काय नको ते लिहायचा, रकाना असेल तर त्यात नुसतं 'आग, ज्वाळा' टाका (स्टेबल डिफ्यूजनमध्ये इंग्रजीत). सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून एका वेळी एकच शब्द बदला, म्हणजे घोळ कोणी घातला ते सापडतं. चॅटमधून चित्र काढत असाल तर आधी नुसतं वर्णन मागा, त्यात उरलेला वाक्प्रचार खोडा, मग चित्र काढायला सांगा.

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे चालू प्रश्नांवर टोमणा मारणारा पुतळा, काढायचा असेल तर मात्र उलट करा. 'महागाईने कंबर मोडली' जसंच्या तसं द्या आणि शब्दशः काढायला सांगा. तिथे हाच बावळटपणा कामाचा.