धून, चाल आणि झुणी

प्रश्न असा आलाय की पियानो-व्हायोलिनच्या निओक्लासिकल (पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वळणाच्या आजच्या) अल्बमचं किंवा लोकसंगीतावरच्या प्रयोगांचं परीक्षण मराठीत लिहायचं, तर 'मेलडी'ला धून म्हणावं की चाल?

'संगीतकाराने सुंदर धून बनवली आहे' हे वाक्य मी इंदुरात इतक्यांदा ऐकतो की आता कान किटले. ही सरळ हिंदीतून उचललेली रचना. हिंदीत धुन बनते, तिथे ते शोभतं. मराठीत चाल लावतात आणि धून लागते. चालीला शब्द लागतात, कवितेशिवाय चाल ही गोष्टच नाही. धून शब्दांच्या आधीपासून असते. माळव्यातल्या लग्नघरात बायकांचं गाणं ऐका: हळदीचे शब्द संपून वरातीचे सुरू होतात, चार-पाच सुरांचा तो फेरा मात्र तोच राहतो. तो फेरा म्हणजे धून, आणि ती कोणी 'बनवली' हे विचारायची सोय नाही.

हा भेद कुमार गंधर्वांना नेमका ठाऊक होता. १९४८मध्ये क्षयाने आजारी असताना ते देवासला आले, इथून जेमतेम ३५ किलोमीटरवर. अंथरुणाला खिळून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, पुढे त्यांतल्या धुनांमधून मालवती, संजारी, लगनगंधार असे राग उभे केले. नाव दिलं 'धुनउगम राग', म्हणजे धुनेतून उगवलेले. चालउगम म्हणाले नाहीत!

आता खरी गंमत. धून आली संस्कृत 'ध्वनि'वरून, असं साधारण मानलं जातं. पण प्राकृतात ध्वनीचं आणखी एक रूप होतं, 'झुणी'. बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ते नोंदवलंय. 'ध्व'चा 'झ' होणं प्राकृताला नवं नाही, ध्वजाचाही 'झय' झाला. मग आपल्या 'रुणझुण'मधलं 'झुण' कुठून आलं? कोशकार 'अनुकरणवाचक' एवढं लिहून हात झटकतात. शब्दाचं कूळ शोधायचा कंटाळा आला की हा शेरा फार उपयोगी पडतो. माझं मत: 'रुण' असेल अनुकरणाचा, 'झुण' मात्र हीच झुणी. ज्ञानेश्वरांच्या भ्रमराची रुणुझुणु आणि माळव्यातली धून या एकाच ध्वनीच्या दोन मुली, एक 'झ' घेऊन निघाली आणि दुसरी 'ध' धरून राहिली. पैंजण झुणझुण वाजतात म्हणून शब्द तसा झाला, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की तेच पैंजण छुमछुमही कसे वाजतात? कानाला जे ऐकू येतं ते भाषेच्या साच्यातूनच येतं, आणि मराठीचा साचा प्राकृताने घडवलाय. घंटा घणघणते आणि किणकिणतेही, तेव्हा नुसत्या अनुकरणाने काहीच सिद्ध होत नाही.

बरं, परीक्षणाचं. एका संगीतकाराने स्वतः रचलेल्या पियानोच्या तुकड्याला 'सुरावट' म्हणा. इतका चांगला शब्द घरात असताना धून कशाला? गावातून गोळा केलेला जुना फेरा असेल तर 'लोकधून', कवितेवर बसवलेली असेल तर 'चाल'. 'बंदिश' तर मुळीच नको, तिला रागाचा आणि तालाचा बांध लागतो. जर्मन पियानोवादक निल्स फ्रामचा २०११चा 'फेल्ट' हा अल्बम घ्या: तारांपुढे नमदा (फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड) लावून वाजवलेला पियानो, त्यामुळे स्वराबरोबर हातोड्यांची खुटखुट आणि लाकडाची कुरकुरही कानी पडते. परीक्षणात ही कुरकुर टिपायची असेल तर त्यासाठी 'ध्वनी' राखून ठेवा, 'सुरावट' वेगळी लिहा. 'फेल्ट'ला हे दोन्ही शब्द लागतात, आणि धून त्यात कुठेच नाही.