‘हस्त’चा ‘दस्त’ झाला का?

प्रश्न : घराच्या खरेदीखतासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो असता ‘दस्त नोंदणी’ हा शब्द वारंवार कानांवर पडला. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. मग ‘सिंधू’चे ‘हिंदू’ झाले, तसा हा संस्कृत ‘हस्त’चा अपभ्रंश आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ‘हस्त’ आणि ‘दस्त’ ही चुलत भावंडे आहेत. त्यांच्या सामाईक पूर्वजाचा लेखी पुरावा नसल्याने अभ्यासक तो तारांकन करून ‘*झ्यस्त’ असा काहीसा लिहितात. त्याच्या आरंभी ‘झिम्मा’तल्या तालव्य ‘झ’च्या जवळपासचा महाप्राण (‘ह’कार मिसळलेला) ध्वनी होता. संस्कृतात त्यातला केवळ ‘ह’कार उरला. इराणी शाखेत नेमका ‘ह’कारच गेला आणि उच्चार ‘जाळे’तल्या दंत्य ‘ज’कडे सरकला. हा ‘ज’ सावकाश उच्चारून पाहिला, तर त्यात ‘द’ आणि नुक्त्याचा ‘ज़’ असे दोन्ही ध्वनी जाणवतात. अवेस्तेने, म्हणजे पारशी धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेने, ‘ज़’ राखून ‘ज़स्त’ केले, तर प्राचीन फारसीत ‘द’ येऊन ‘दस्त’ झाले. हा योगायोग नव्हे, कारण ‘मी’ या अर्थाचे संस्कृत ‘अहम्’, अवेस्ती ‘अज़ेम्’ आणि प्राचीन फारसी ‘अदम्’ हे शब्दही त्याच वाटेने गेले आहेत. ‘सिंधू–हिंदू’चा नियम मात्र येथे लागू नाही; ‘स्त’मधला ‘स’ इराणीतही शाबूत आहे.

इ.स.पू. 520च्या सुमारास इराणचा सम्राट दारियस याने कोरविलेल्या बेहिस्तून शिलालेखात ‘दस्त’ सापडतो. त्याहून बोलका पुरावा प्रार्थनांत आहे : ऋग्वेदात (6.16.46) हात उंचावून ‘उत्तानहस्तो नमसा’ आळविणारा भक्त येतो, आणि अवेस्तेच्या गाथांत (यस्न 28.1) ‘नेमंगहा उस्तानज़स्तो’ म्हणजे अक्षरशः तेच शब्द, केवळ उलट क्रमाने.

पुढे ‘हस्त’चे प्राकृतात ‘हत्थ’ आणि मराठीत ‘हात’ झाले. सिंहलीत ‘अत’, तर युरोपातल्या रोमानीत (‘जिप्सीं’च्या भाषेत) ‘वस्त’. ज्याला सोंडेचा हात आहे तो ‘हस्तिन्’, म्हणजे आपला हत्ती, हाही त्याच घरातला.

चुलत घराण्याचा ‘दस्त’ मराठीत फारसीतून आला. ‘दस्त नोंदणी’तला दस्त म्हणजे दस्तऐवज, मुळात हाताने धरून राहण्याचा आधार, आणि ज्याचा हात वरचढ तो जबरदस्त. ‘दस्तखत’ आणि ‘हस्ताक्षर’ यांची घडण तर एकच. तरी मराठीत पहिला शब्द सहीला चिकटला आणि दुसरा अक्षराच्या वळणाला.