गृहशास्त्र म्हणून नाक मुरडू नकोस

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केल्यावर मुलींच्या, त्यातही गृहशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात कशाला जाऊ?’ असं विचारतेस. तोक्योतल्या निहोन जोशी दाइगाकुचं, म्हणजे जपान महिला विद्यापीठाचं नाव मीच सुचवलं, तेव्हा उत्तरही मलाच द्यायला हवं.

नारुसे जिन्झो यांनी ते १९०१ मध्ये मेजिरो भागात काढलं. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. तो क्रमच मला फार मोलाचा वाटतो. जमीन मित्सुई घराण्याने दिली, आणि ओसाकाच्या हिरोओका आसाको या उद्योजक बाई पैसा उभा करायला कंबर कसून उतरल्या. नावात पहिल्यापासून विद्यापीठ, पण सरकारदरबारी तो दर्जा मिळायला १९४८ उजाडावं लागलं.

सुरुवातीपासूनच्या विभागांत एक गृहशास्त्राचा. जपानीत त्याला कासेइ म्हणतात. तुझी गल्लत इथेच होते आहे. तिथे केमिस्ट्री शिकवायला कोण होते? दम्यावर वापरल्या गेलेल्या इफेड्रिन या औषधाचा शोध लावणारे नागाइ नागायोशी! त्यांच्या हाताखाली पहिल्याच तुकडीत शिकली तांगे उमे. लहानपणी तिचा एक डोळा गेला होता. आधी शाळेत शिकवलं, मग अठ्ठाविसाव्या वर्षी ती इथे दाखल झाली. १९१३ मध्ये तोहोकूच्या शाही विद्यापीठाने मुलींना पहिल्यांदा दार उघडलं, तेव्हा आत गेलेल्या तिघींत ही होती, वय ४०. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेत डॉक्टरेट, १९४० मध्ये बी-२ जीवनसत्त्वावरच्या संशोधनासाठी तोक्योत दुसरी. मग आपल्या जुन्या संस्थेत तिने मुलींना शिकवलं. तिची वाट कासेइमधूनच गेली, बाळ.

काझुयो सेजिमाही तिथलीच, त्याच विद्याशाखेच्या निवास विभागातली. २०१० मध्ये तिला सहकाऱ्यासोबत वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. मेजिरोचं २०१९ मध्ये उघडलेलं ग्रंथालय तिनेच रचलं. आत हळूहळू चढत जाणारा उतार आहे. त्यावरून चालत तू पुस्तकांच्या मजल्यामजल्यांवर पोचशील.

विज्ञान विद्याशाखा १९९२ ची. जपानच्या खासगी महिला विद्यापीठांत अशी दुसरी नाही. जुन्या निवास विभागातून २०२४ मध्ये वास्तुरचनेची आणि आहार विभागातून २०२५ मध्ये अन्नविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. जपानात तरुणांची संख्या घटते आहे, मुलींची काही कॉलेजं प्रवेशच थांबवताहेत. अशा वेळी ही संस्था नवी दारं उघडते आहे. २०२४ पासून ट्रान्स महिलांनाही प्रवेश आहे.

आणि एक घरचीच गोष्ट. १९१५ मध्ये याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती आली. आधी त्यांनी ती बाजूला ठेवली, सामाजिक परिषदेचं अध्यक्षीय भाषण लिहायला बसल्यावर पुन्हा उघडली. १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं, तेच आजचं एसएनडीटी. तुझी आई तिथली पदवीधर. मेजिरो तुला वाटतं तितकं परकं नाही.

आता कामाचं. १९१९ च्या जानेवारीत यकृताचा कर्करोग झालेल्या नारुसेंनी विद्यार्थिनींचा निरोप घेतला, मार्चमध्ये ते गेले. मागे ठेवलेल्या तीन वचनांत एक होतं ‘जिहात्सु सोसेइ’, आपणहून निर्माण करणं. अर्जात संस्थेची स्तुती लिहू नकोस, ती त्यांना पाठ आहे. कुठला प्रश्न घेऊन येते आहेस आणि प्रयोगशाळेत हाताने काय केलं आहेस, ते लिही. तिथल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाच आणि ज्यांचं काम खरोखर पटतं त्या एकाच व्यक्तीला जपानीत पत्र पाठव. शिकवणं जपानीतूनच असतं, त्यामुळे भाषेचा अभ्यास आजपासून रोजचा.

मसुदा रविवारी सकाळी घेऊन ये. चुका असल्या तरी चालेल, पण तुझ्या हातचा हवा.

तुझी,
मावशी