विमानाचं इंजिन सुरू करताना मागून ज्वाळा का येतात? पायलट तेव्हा फायरचं बटण का दाबत नाही?

याला टेलपाइप फायर म्हणतात, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत लागलेली आग, आणि बटण न दाबणारा पायलट बरोबर असतो. प्रश्नाखाली तुम्ही "पायलट झोपला होता का" असं लिहिलंय, म्हणून लिहायला बसलो. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून कट्ट्यावर माझा हाच वाद चालू आहे. समोरचा गडी साखर कारखान्यात बॉयलरवर होता. त्याचं एकच म्हणणं : "काय बे, आगीला हवा घालून आग विझती का?"

विझते. एअरबस ए३२० विमानावरचं सीएफएम५६ इंजिन घ्या. एपीयूची (विमानाच्या शेपटीतल्या छोट्या मदतनीस इंजिनाची) दाबाची हवा स्टार्टरला मिळते, स्टार्टर गिअरबॉक्समार्फत उच्च दाबाचा शाफ्ट फिरवतो; त्याच्या वेगाची टक्केवारी म्हणजे एन२. १६ टक्क्यांच्या आसपास इग्नायटर ठिणगी टाकायला लागतो, २२ च्या आसपास इंधन सुटतं, ५० ला स्टार्टर सुटा होतो. २२ ते ५० हा सगळा नाजूक टप्पा. इंधन चालू, पण हवा अजून बेताची. पंपाचा स्टो पेटवलेल्यांना हे सांगायला नको : बर्नर तापायच्या आत पंप मारला की रॉकेलची वाफ होत नाही, ते कच्चंच वर येतं आणि पिवळा जाळ होतो.

बहुतेक वेळा गोम आधीच्या फसलेल्या स्टार्टमध्ये असते. इंधन आलं पण पेटलं नाही, की ते दहनकक्षाच्या तळाशी आणि टर्बाइनमध्ये साचतं. अर्धा मिनिट नुसतं कोरडं फिरवून ते बाहेर काढायचं असतं. ते न करता दुसरा स्टार्ट मारला तर साचलेलं सगळं टर्बाइनच्या मागे पेटतं. एपीयूची हवा कमी पडली तर एन२ मध्येच रेंगाळतो आणि इंधन जास्त होतं. इंधनाच्या नोझलवर कार्बन बसला की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. मागून जोराचा वारा असला तर तो नळीतून आत शिरतो, पुढचा पंखासुद्धा उलटा फिरतो. मागच्या बेअरिंगचं सील गेलं तर इंधनाऐवजी ऑइल जळतं. इंजिन बंद केल्यावर इंधनाचा व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर तेव्हाही हे होतं.

आता बटणाचं. आग ओळखणारे सेन्सर इंजिनाचं केसिंग आणि बाहेरचं काउलिंग, म्हणजे आवरण, यांच्या मधल्या जागेत असतात. ज्वाळा असतात आतल्या नळीत. म्हणून घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. बऱ्याचदा हेडसेट लावून खाली उभा असलेला ग्राउंडचा माणूसच ओरडून सांगतो. हॅलॉनच्या (आग विझवणाऱ्या वायूच्या) बाटल्यासुद्धा त्याच मधल्या जागेत सुटतात, नळीत नाही. शिवाय ए३२० मध्ये ते बटण दाबलं की फॅडेकची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) वीज जाते, म्हणजे इंजिन स्टार्टरवर फिरवता येत नाही. हातातलं एकमेव औषध आपणच फेकून द्यायचं!

करायचं ते एवढंच : इंजिन मास्टर स्विच ऑफ करून इंधन तोडायचं, स्टार्टरला हवा मिळतेय ना ते बघायचं, मोड सिलेक्टर क्रँकवर (नुसतं कोरडं फिरवण्यावर) घ्यायचा, मॅन स्टार्टचं बटण ऑन. इंधन बंद, ठिणगी बंद, नुसती हवा. साचलेलं जळून आणि उडून जातं, ज्वाळा मागे फेकली जाऊन तुटते.

माझ्या बॉयलरवाल्याचं चुकतं ते इथं. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, भट्टीत जळण आत पडलेलंच असतं, वारा वाढवला की ते भडकणारच. पण तेलावरच्या बॉयलरची ज्योत गेली तर पुन्हा पेटवण्याआधी पंखा चालवून भट्टी रिकामी करतातच ना? तेच हे. हे त्याला कितीदा सांगितलं, पण तो चहा मागवतो आणि विषय बदलतो.

खालून फोम किंवा पावडर मारणं हा शेवटचा उपाय, क्रँक होतच नसेल तर. ती रसायनं आतले भाग गंजवतात. आग विझल्यावर ईजीटी, म्हणजे मागून निघणाऱ्या वायूचं तापमान, कुठवर गेलं ते बघतात (या इंजिनाला स्टार्टसाठी मर्यादा ७२५ अंश सेल्सिअस), बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) टर्बाइन तपासतात, मागचे फ्लॅप भाजलेत का ते बघतात.

खिडकीतून जाळ दिसला म्हणून प्रवाशांनी आपणहून दारं उघडून उड्या मारल्याची आणि विनाकारण हातपाय मोडून घेतल्याची उदाहरणं आहेत. केबिन क्रूला सांगा आणि बसून राहा.

हे सगळं जमिनीवर स्टार्ट करताना किंवा बंद करतानाचं, घंटा वाजत नसतानाचं. घंटा वाजली तर आग काउलिंगमध्ये आहे, मग फायरची कारवाई करायचीच, वाद नको. उड्डाणाच्या वेळी धडाम आवाज होऊन जाळ दिसला तर तो बहुधा कंप्रेसर सर्ज, म्हणजे इंजिनातल्या हवेचा प्रवाह बिघडणं, ते प्रकरण वेगळं. वर दिलेली एन२ ची टक्केवारी इंजिनागणिक बदलते. गोव्याहून सोलापूरला येणाऱ्या एटीआरचा (पंख्याच्या छोट्या विमानाचा) स्टार्टर तर विजेवर चालतो, तिथं एपीयूच्या हवेचा प्रश्नच नाही. पण इंधन तोडून कोरडं फिरवायचं हे तिथंही तसंच.

आईला विमानात बसवावं का, हेही विचारलंय तुम्ही. बसवा की.