वाचनाचा पहिला आढावा लिहिताना

वर्षभरात काय वाचलं याचा पहिलाच आढावा लिहितेयस ना? मग किती पुस्तकं झाली तो आकडा आधी बाजूला ठेव. नवीन माणूस तिथंच अडकतो आणि डिसेंबरात पातळ पुस्तकं उरकत बसतो.

सध्या एवढंच कर:

- पुस्तक संपलं की त्याच रात्री वहीत तारीख आणि दोन ओळी. कथानक नको, कुठं थांबलीस, काय खटकलं ते लिही. महिन्याभरानं यातलं काही आठवत नाही.
- अर्धवट सोडलेलीही मांड, कितव्या पानावर सोडलं त्यासकट. खरी आवड तिथंच कळते.

वर्षभर एकाच प्रकारचं वाचलंय असं दिसलं, तर साताऱ्याहून एक रविवार भिलारला जा. पाचगणीजवळच्या या गावात २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलीत, एका घरात कविता तर दुसऱ्यात चरित्रं. बसून फुकट वाचता येतं. फार सुंदर सोय आहे!

तक्ते, गुण देणं वगैरे पुढच्या वर्षी बघू.