घराशेजारी ट्रेलर लावताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा कॅम्पिंग ट्रेलर दोन चाकांचा असून सामानासह त्याचे वजन १५०० किलोच्या आसपास भरते. घराच्या बाजूची मोकळी जागा ट्रेलरपेक्षा जेमतेम हातभर रुंद आहे आणि तेथे जाण्यासाठी काटकोनात वळावे लागते. गाडी जोडलेली ठेवून रिव्हर्स घेतला की ट्रेलर दर वेळी भिंतीकडे जातो. ट्रेलरच्या चाकांना बसवायचा मूव्हर (गाडीशिवाय ट्रेलर हलवणारे मोटरचे यंत्र) घ्यावा, की पुढच्या टोकाला लावायची मोटरची सुटी ट्रॉली पुरेल? ट्रॉली पुष्कळ स्वस्त पडते. फाटकापासून आत थोडा चढही आहे.

उत्तर: चढाचा उल्लेख आपण अगदी शेवटी केला आहे, पण निर्णय त्याच्यावरच ठरणार आहे. म्हणून खरेदीच्या आधी तो चढ मोजावा. एक मीटर लांबीची सरळ फळी चढाच्या दिशेने जमिनीवर ठेवावी, तिचे खालच्या बाजूचे टोक पाणसळ लावून समपातळीत येईपर्यंत उचलावे आणि त्या टोकाखालची पोकळी मोजावी. ती १० सेंटिमीटर भरली तर चढ १० टक्के आहे. सर्वांत तीव्र वाटणाऱ्या जागी मोजणे महत्त्वाचे, कारण ट्रेलर अडतो तो सरासरी चढावर नव्हे, तर अशाच एखाद्या जागी.

१० टक्के चढावर १५०० किलोचा ट्रेलर वर नेण्यासाठी नुसत्या चढापायी सुमारे १५० किलो वजनाइतका जोर लागतो. सपाट, टणक जमिनीवर चाके फिरवायला लागणारा वीस-तीस किलोंचा जोर त्याखेरीज. आता सुटी ट्रॉली पाहू. ती ट्रेलरचे पुढचे टोक उचलून धरते आणि आपल्या चाकांनी त्याला ढकलते किंवा ओढते. या चाकांवर येणारा भार म्हणजे ट्रेलरच्या टोकाचे वजन, बहुधा ५० ते १०० किलो, आणि ट्रॉलीचे स्वतःचे. कोरड्या काँक्रीटवर रबरी चाकाला मिळणारी पकड त्याच्यावरील भाराच्या साधारण दोन तृतीयांश असते. टोकाचे ७५ आणि ट्रॉलीचे ४० किलो धरले, तरी ही पकड ७५-८० किलोंच्या पुढे जात नाही. तेव्हा मोटर कितीही दमदार असली तरी अशा चढावर ट्रॉलीची चाके जागच्या जागी फिरतील. सपाट, पक्क्या अंगणात मात्र तीच ट्रॉली उत्तम काम करते. तसे अंगण असणाऱ्याने उगाच अधिक खर्च करू नये, असे माझे मत आहे.

चाकांना बसवायच्या मूव्हरची रचना निराळी असते. चेसिसच्या, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याच्या खाली, प्रत्येक चाकाजवळ १२ व्होल्टची एक मोटर आणि तिने फिरणारा एक रोलर असतो. हा रोलर टायरवर दाबला जातो आणि टायर फिरवतो. ट्रेलरचे जवळजवळ सगळे वजन याच चाकांवर असल्यामुळे जमिनीवरची पकड सहसा कमी पडत नाही; कमी पडलीच तर रोलर आणि टायर यांच्यामधली पडते, विशेषतः टायर चिखलाने माखलेला किंवा ओला असताना. दोन चाके स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे एक पुढे आणि दुसरे मागे फिरवून ट्रेलर जागच्या जागी वळवता येतो. आपल्या काटकोनी वळणाला हाच गुण हवा आहे. मात्र वळताना ट्रेलरची दोन्ही टोके बरीच बाहेर फिरतात, तेव्हा आसापासून पुढच्या आणि मागच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून, जमिनीवर खडूने आखून पाहावे.

मूव्हर निवडताना खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वजनावर विसंबू नये. ते पुष्कळदा सपाट जमिनीसाठी असते. आपल्या वजनाचा ट्रेलर किती टक्के चढावर चालेल, हा आकडा माहितीपत्रकात शोधावा. तसेच मूव्हरचे सुमारे ३० ते ४० किलो आणि बॅटरी नव्याने बसवावी लागल्यास तिचे वीस-पंचवीस किलो ट्रेलरच्या सामानक्षमतेतून वजा होतात, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते. बसवताना तो चेसिसला पकडपट्ट्यांनी आवळतात. चेसिस बनवणाऱ्याची परवानगी नसेल तर तीत भोके पाडू देऊ नयेत.

प्रश्न: मूव्हर बसवून घेतला आहे. पण मागे जाताना सुरुवातीलाच ट्रेलरचे टोक एका बाजूला झटका खाते, खडीवर टोकाला आधार देणारे पुढचे छोटे चाक रुतते आणि फाटकाच्या उंबऱ्याशी सगळे थांबते. दोष मूव्हरचा आहे का?

उत्तर: बहुधा नाही. झटका पुढच्या छोट्या चाकामुळे बसतो. ते चाक आपल्या दांड्याच्या मागे ओढले जाते आणि दिशा बदलली की अर्धे वर्तुळ फिरून दुसऱ्या बाजूला येते. तेवढ्या वेळात ते टोकाला आडवे ढकलते. मागे नेण्यापूर्वी हातभर जागेत हलकेच मागेपुढे करून ते चाक फिरू द्यावे आणि मगच नेम धरावा. खडीवर हे अरुंद चाक नांगरासारखे शिरते. त्याच्या वाटेवर जाड फळ्या टाकाव्यात किंवा हवा भरलेले रुंद चाक बसवावे. उंबरा दोन-तीन सेंटिमीटरचा असला तरी उभ्या कडेवर चढताना मोटरवर एकदम मोठा ताण येतो, म्हणून दोन्ही चाकांपुढे लाकडाची किंवा रबराची उतरती पाचर ठेवावी आणि शक्य असल्यास एका वेळी एकच चाक वर घ्यावे.

आपण लिहिलेले नाही, पण चढावर कामाचा क्रम चुकल्यास ट्रेलर निसटू शकतो. गाडीपासून सोडण्यापूर्वी ट्रेलरचा हँडब्रेक ओढावा आणि चाकांना उताराकडून ठोकळे लावावेत. मग विजेची जोडणी काढून ट्रेलर सोडावा, दोन्ही रोलर टायरला पक्के टेकवावेत आणि त्यानंतरच हँडब्रेक सैल करून ठोकळे काढावेत. जागेवर पोहोचल्यावर उलट क्रम: आधी हँडब्रेक आणि ठोकळे, मग रोलर मागे. रोलर टेकलेले असले की ट्रेलर हलत नाही हे खरे, तरी त्यांचा ब्रेक म्हणून वापर करू नये. तसेच ठेवल्यास टायरमध्ये खळगा पडतो. रस्त्यावर निघण्याआधी तर दोन्ही बाजूंना वाकून रोलर मागे सरकल्याची खात्री करावीच. मागे घेतल्यावर रोलर आणि टायर यांच्यात साधारण दोन सेंटिमीटर अंतर राहते, नेमके माप माहितीपुस्तिकेत असते. टायर झिजला किंवा बदलला की हे अंतर पुन्हा तपासावे लागते.

चालवणाऱ्याने ट्रेलर आणि भिंत यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. रिमोटचे बटण सोडताच मोटर थांबते, पण ते सोडायचे भान राहण्यासाठी नजर ट्रेलरवर असावी लागते. उभा ट्रेलर स्थिर ठेवणारे कोपऱ्यांचे पाय वर घेतलेले आहेत ना, हेही एकदा पाहावे.

प्रश्न: बॅटरीचा दिवा पूर्ण भरल्याचे दाखवतो, तरी चढाच्या मध्यावर मूव्हर बंद पडतो. मोठ्या क्षमतेची बॅटरी घ्यावी का?

उत्तर: आधी तारा आणि जोड तपासावेत. मूव्हर मिनिटाला आठ-दहा मीटर चालतो, म्हणजे १५ मीटरचे काम दोन मिनिटांत संपते आणि एवढ्यात बॅटरीतला साठा फार कमी होत नाही. अडचण साठ्याची नसून एकदम लागणाऱ्या प्रवाहाची आहे. चढावर तो शंभर अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. बारीक तारा, सैल नट, गंजलेली टोके किंवा थकलेली बॅटरी असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळते आणि मूव्हर स्वसंरक्षणासाठी बंद होतो. भार नसताना भरल्यासारखी दिसणारी बॅटरी भार येताच उघडी पडते, म्हणून मूव्हर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि मग मूव्हरच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींत मोठा फरक दिसला तर दोष तारांत, आणि दोन्हीकडे सारखेच खाली आले तर बॅटरीत. लिथियम बॅटरी असल्यास तिच्या संरक्षक यंत्रणेची प्रवाहाची मर्यादा पाहावी. ती मूव्हरच्या कमाल मागणीपेक्षा कमी असेल तर तीच पुरवठा तोडत असेल. सतत चालवून मोटर तापली असेल तर काही वेळ थांबून पुन्हा सुरू करावे. काम झाल्यावर मूव्हरचा मुख्य स्विच बंद करावा, कारण चालू राहिलेली नियंत्रण-पेटी उभ्या ट्रेलरची बॅटरी हळूहळू उतरवत राहते.