डीव्हीडी टाकताच आपोआप सुरू होते, ते कसं बंद करायचं?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मधल्या ‘ऑटोप्ले’वर जा आणि सगळ्यात वरचं बटण ऑफ करा; विंडोज १० असेल तर हेच ‘डिव्हायसेस’खाली सापडेल. अमळनेरच्या घरी लग्नाची डीव्हीडी ट्रेमध्ये सरकवली की लगेच वाजायला लागते असं तुम्ही लिहिलंय, ते यानं थांबेल. धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक मशीनवर मी हे बंदच करून देतो. कारण डिस्कवर ‘ऑटोरन.आयएनएफ’ नावाची छोटी फाइल असली, तर तिच्यात लिहिलेला प्रोग्राम आपोआप सुरू होऊ शकतो. २००८ मधला कॉनफिकर नावाचा व्हायरस पेनड्राइव्हवरून याच वाटेनं पसरला होता. डिस्क टाकताना शिफ्ट दाबून धरून हे थांबवायची युक्ती जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातली, नव्या विंडोजमध्ये तिच्यावर विसंबू नका.

एक मात्र लक्षात ठेवा: ऑटोप्ले बंद असलं तरी ‘धिस पीसी’मध्ये डीव्हीडीच्या चिन्हावर डबल क्लिक केलंत, तर डिस्कवरचा प्रोग्राम सुरू होऊ शकतो. अनोळखी डिस्क असेल तर राइट क्लिक करून ‘ओपन’ निवडा, म्हणजे आतल्या फाइल्स नुसत्या दिसतील.